शोभेचा बाण, नग एक

घोरपडे मॅडमसमोर 'खूप' हा शब्द वापरायची सोय नव्हती.

तळोज्याच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात, लॅबमध्ये, आम्ही दोघं अकरा वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. मी कामावर लागलो त्या पहिल्याच दिवशी घाम पुसत म्हणालो, "आज खूप उकडतंय." त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती?" मला वाटलं, गंमत करतायत. मी हसलो. त्यांनी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट दाखवलं.

"बघून सांगा, सावंत. आकडा सांगा."

मी उठलो, बघितलं, म्हणालो, "छत्तीस."

"मग छत्तीस म्हणा. खूप काय?"

तेव्हा मी चाळिशीला आलो होतो, दोन मुलांचा बाप होतो. तरी शाळेत ओणवं उभं राहिल्यासारखं वाटलं.

मॅडम मूळच्या साताऱ्याकडच्या. उंची जेमतेम चार फूट दहा इंच, हा आकडा त्यांनीच दिलेला. कडक इस्त्रीची सुती साडी, पदर खोचलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही उजव्या हातात. एरवी बोलणं शुद्ध आणि मोजकं. पण डोकं फिरलं की सातारा बाहेर यायचा. मग "येड लागलंय का काय तुमास्नी?" हे वाक्य प्लांटपर्यंत ऐकू जायचं. प्लांटमधली माणसं आपापले नमुने घेऊन लॅबच्या दारात दोन मिनिटं थांबायची, आतला अंदाज घ्यायची आणि मगच आत यायची.

आम्ही दोघंही कळंबोलीला राहायचो. सकाळी कंपनीची बस यायची. मॅडमची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या शेजारची. ड्रायव्हर हसुराम म्हात्रे तळोज्याजवळच्याच गावचा. मॅडम त्याला रोज उतरताना एक शेरा द्यायच्या. "हसुराम, आज तिसऱ्या गतिरोधकावर बावीसचा वेग होता." हसुराम मान डोलवायचा. पुढच्या दिवशी तेवीस असायचा.

रॉकेटचं खूळ कळंबोलीच्या रद्दीवाल्याकडे सुरू झालं. वर्तमानपत्रं घालायला गेलेल्या मॅडमना तिथे एक परदेशी मासिक सापडलं. त्यात एक ढेरपोट्या, टक्कल पडलेला माणूस वाळवंटात उभा होता आणि त्याच्या हातात स्वतः घरी बनवलेलं, त्याच्याहून उंच रॉकेट होतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो फोटो माझ्या टेबलावर ठेवला.

"सावंत, हा माणूस तुम्हाला माझ्याहून हुशार दिसतो का?"

मी फोटो नीट बघितला. "नाही."

"मलाही नाही दिसत," त्या म्हणाल्या आणि फोटो पर्समध्ये ठेवला. यापलीकडे कारण त्यांनी कुणालाही, कधीही सांगितलं नाही. पुढे पोलिसांनी विचारलं तेव्हाही नाही.

आठवड्याभरात त्या बसमध्ये सहा फुटी पुठ्ठ्याची जाड नळी घेऊन चढल्या. कापडाचा तागा गुंडाळतात तसली. ती दोन सीटांच्या मधल्या वाटेत आडवी ठेवली आणि आम्ही सगळे तिच्यावरून पाय उचलून मागे गेलो.

"मॅडम, यो पाइप कनचा हाय?" हसुरामने विचारलं.

"रॉकेट करायचंय."

हसुरामने आरशातून एकदा नळीकडे आणि एकदा मॅडमकडे बघितलं. "दिवालीला टाइम हाय अजून," तो समजुतीच्या सुरात म्हणाला.

मग कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळई आली. रॉकेट जिच्या आधाराने सरळ वर चढणार ती बारा फुटी सळई. मी बरोबर होतो. व्यापारी वहीत डोकं घालून म्हणाला, "किती टन, बाई?" मॅडम म्हणाल्या, "एक." त्याने 'एक टन' लिहायला घेतलं. "टन नाही, नग एक," मॅडम म्हणाल्या. त्याने पेन खाली ठेवलं आणि पोराला सांगून आम्हाला चहा पाजला. बहुतेक कीव येऊन.

इंधनात काय काय होतं ते मी लिहिणार नाही. मॅडमनी मला तशी शपथ घातली होती आणि ते बरंच झालं. एवढंच सांगतो, की त्यात साखर होती. त्यामुळे त्यांच्या इमारतीत दर रविवारी दुपारी साखरेच्या पाकाचा वास सुटायचा. तिसऱ्या रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी वाटी घेऊन वर गेले. "वहिनी, चिरोटे करताय वाटतं. मिसेसनी म्हटलं, चव बघून ये." मॅडमनी त्यांना सरळ सांगितलं, की हे खाल्लंत तर उद्याची सोसायटीची मीटिंग तुमच्या फोटोसमोर घ्यावी लागेल. सेक्रेटरी वाटी घेऊन उतरले. पण त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. रॉकेटवर त्यांचा विश्वासच बसला नव्हता. चिरोटे द्यायचे नाहीत म्हणून बाई थापा मारते, अशीच त्यांची समजूत झाली.

आता दिनकररावांबद्दल सांगायला हवं. दिनकरराव म्हणजे मॅडमचे यजमान. सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन. उंच, वाकलेले आणि अतिशय भित्रे. हे मी मागून बोलत नाही, ते स्वतःच सांगायचे. वसुबारसेला कानात कापूस घालायचे तो भाऊबीज झाल्यावर काढायचे. कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की बाल्कनीत जायचे. अशा माणसाच्या घरात स्वयंपाकघराच्या ओट्याखाली इंधनाची नळकांडी वाळत ठेवलेली.

पण त्यांच्या हातात कसब होतं. रॉकेट वर जाऊन परत खाली यायचं तर त्याला पॅराशूट हवं. मॅडमना सुईत दोरा ओवता यायचा नाही. दिनकररावांनी जुन्या आठ छत्र्यांचं काळं कापड उसवलं, कागदावर पाकळ्यांचे आराखडे काढले आणि शिलाई मशीनवर दुहेरी टीप घालून एक मोठी गोल छत्री शिवली. तिला ते पॅराशूट म्हणायचे नाहीत, छत्रीच म्हणायचे. मग वाळूची पिशवी बांधून ती गच्चीवरून पुन्हा पुन्हा खाली सोडली. मॅडम खाली स्टॉपवॉच घेऊन उभ्या. दिवसभरात ती छत्री चाळीस वेळा खाली आली. उतरायचा वेग निघाला सेकंदाला पाच मीटर. मॅडमनी तो वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

उडवायला जागा हसुरामने दिली. "आमचे शेतान उडवा. भात कापून झालाय, मोकलंच हाय."

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही त्या शेतात जमलो. रॉकेट उभं केलं. पुठ्ठ्याची नळी, लाकडाचं कातलेलं टोक, प्लायचे तीन पंख, वर लाल ऑइलपेंट. वजन पाच किलो. दिनकरराव दोन शेतं पलीकडे आमच्याकडे पाठ करून उभे होते. मॅडमनी दहापासून उलटे आकडे मोजले आणि स्कूटरच्या बॅटरीला जोडलेलं बटण दाबलं.

रॉकेट सुटलं. बारा मीटरपर्यंत सरळ गेलं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, ते उजवीकडे वळलं आणि हसुरामच्या पेंढ्याच्या उडवीत शिरलं. उडवी पेटली. आम्ही सगळे विहिरीवरून बादल्या आणत धावलो. अर्धा पेंढा वाचला. रॉकेटची नळी जळाली, टोक आणि छत्री तेवढी राहिली.

हसुरामची म्हातारी आई काठी टेकत आली. "यो काय केलास गो बाय? पेंढा जलला त जलला, माजी म्हस बुजली ना! दूध देल का आता?"

मॅडमनी तिची हात जोडून माफी मागितली. पुढचे दोन रविवार स्वतः जाऊन वैरण टाकली. पण माफी मागून झाल्यावर त्यांनी वही उघडून विचारलं होतं, "म्हैस रोज किती लिटर देते?" तिसऱ्या दिवशी बसमध्ये हसुरामकडून पुढचा आकडा घेतला. ती नोंद मी पाहिली आहे. 'उड्डाण एक. उंची बारा मीटर. कारण: एक पंख तिरका. इतर निरीक्षणे: म्हैस, दोन दिवस, दूध शून्य.'

म्हैस पान्हवली, पण प्रकरण तिथे संपलं नाही. मुंबईत स्फोट होऊन दोन वर्षं झाली होती. शेजारच्या गावातून कुणीतरी पोलिसांना कळवलं, की शेतात बाई बॉम्ब उडवते. त्या आठवड्यात संध्याकाळी दिनकरराव माझ्या दारात आले. "तिला नेलंय," एवढंच म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर पोलीस स्टेशनला गेलो. गेलो म्हणजे दारापर्यंत गेलो. तिथेच थांबलो. दारातून सगळं दिसत होतं. साहेबांच्या टेबलावर रॉकेटचं जळकं टोक आणि ती काळी छत्री ठेवलेली. समोर मॅडम ताठ बसलेल्या.

"हे काय आहे?"

"रॉकेट."

"कशासाठी?"

"वर जायला."

"टार्गेट काय आहे?"

"सहाशे मीटर."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. हवालदार लिहायचा थांबला. मॅडमच्या लक्षातच आलं नाही, की आपण काय बोललो. त्यांनी प्रामाणिकपणे पुढे सांगितलं, "हिशोबाने सहाशे. प्रत्यक्षात अजून बाराच झालेत."

"बाई, तुम्ही रसायनांच्या कारखान्यात आहात. घरी स्फोटक पदार्थ बनवता. तुम्हाला आत टाकायला मला एवढं पुरेसं आहे. यात आणखी कोण आहे?"

मॅडम गप्प. मी दाराच्या चौकटीमागे आणखी थोडा सरकलो. आणि माझ्या बाजूने दिनकरराव आत गेले. टेबलाजवळ जाऊन उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला.

"साहेब, छत्री मी शिवलीय. दुहेरी टीप आहे, बघा. हिला ठेवणार असाल तर मलाही ठेवा. ही एकटी राहणार नाही. म्हणजे, ही राहील. मी राहणार नाही."

साहेबांनी छत्री उचलली. टीप बघितली. कुठल्याशा छत्रीवर 'कै. आबांच्या स्मरणार्थ' असं रंगवलेलं होतं, ते तसंच छत्रीच्या मधोमध आलं होतं. साहेबांनी ते वाचलं आणि तोंडावर रुमाल धरला. शेवटी एका कागदावर सही घेऊन छत्रीसकट सोडलं. परवानगीशिवाय पुन्हा काहीही उडवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सावंत, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही सर."

मॅडमना पंधरा दिवस निलंबित केलं. लॅबमधलं काही नेलं की काय हे बघायला बाटली न् बाटली वजन करायचं काम माझ्याकडे आलं. मी चार दिवस वजनं करत होतो. एक ग्रॅमही कमी नव्हता. एका बाटलीत उलट चार ग्रॅम जास्त भरले. मॅडम परत कामावर आल्या तेव्हा मी मान खाली घालून सगळं सांगितलं, केबिनमधलंसुद्धा. त्यांनी तो चार ग्रॅमचा कागद बघितला.

"तुमचा काटा चुकतोय," त्या म्हणाल्या. नमुन्याची बाटली हलवून उजेडात धरली. मग तिच्याकडे बघतच म्हणाल्या, "आणि खोटं बोललात ते ठीक केलंत. तुमची मुलं किती?"

"दोन."

"मग बरोबर आहे."

त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. मला मात्र ती दाराची चौकट अजून आठवते.

आता परवानगी. जिल्ह्याच्या कचेरीत असल्या गोष्टीसाठी अर्जाचा नमुनाच नव्हता. खाणीच्या सुरुंगासाठी होता, विहिरीच्या सुरुंगासाठी होता. मॅडम रजा काढून जायच्या, या टेबलावरून त्या टेबलावर फिरायच्या आणि परत येऊन आज किती टेबलं झाली ते सांगायच्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली. नवीन रॉकेट तयार होऊन घरात कपाटामागे उभं होतं. एकदा बसमध्ये त्या काही बोलल्या नाहीत. गतिरोधकावरही नाही. हसुराम घाबरला. "मॅडम, बरा नाय का?"

"हसुराम, नाही म्हणतात ते. कायमचं."

हसुरामने पुढचा गतिरोधक हळूच ओलांडला. मग म्हणाला, "आमचे गावचे जत्रेला दारूकामाची परमिशन देतात. दरसाल देतात. बाण न् काय काय. त्यात तुमचा घाला ना."

अशा रीतीने चैत्रातल्या जत्रेच्या परवानगीत, फुलबाज्या, भुईनळे आणि माळांच्या यादीखाली, शेवटच्या ओळीत कचेरीतल्या साहेबांच्या सहीने आलं, 'शोभेचा बाण, सहा फुटी, नग एक.' मॅडमना आनंद झाला, पण एका शब्दाने त्या दिवसभर धुमसत होत्या. "शोभेचा? शोभेचं काय आहे यात, सावंत? येड लागलंय का काय त्यांना?" तो कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवतानाही त्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं होतं.

जत्रेच्या दिवशी दुपारी चार वाजता सगळा गाव शेताच्या बांधावर होता. बायकांनी रॉकेटला हळदकुंकू लावलं. नारळ फोडायला आले तेव्हा मॅडम आडव्या आल्या, पंखांना पाणी लागेल म्हणून. शेवटी नारळ हसुरामच्या बसच्या चाकाखाली फोडला. सरपंच माइकवरून सांगत होते, "आता घोरपडे मॅडमचा बाण सुटंल! पोरांनो, लांब व्हा!"

उंची मोजायचं काम माझं. दोनशे पावलांवर शाळेतला मोठा कोनमापक घेऊन मी उभा. रॉकेट सर्वात वर गेलं की कोन वाचायचा, एवढंच. मॅडमच्या एका हातात बटण, एका हातात स्टॉपवॉच. त्यांनी दहा, नऊ, आठ असं सुरू केलं. पोरांनी एक, दोन, तीन असं. पाचावर दोघांची टक्कर झाली. मॅडमनी सगळ्यांना झापून पुन्हा दहापासून सुरू केलं.

आणि ते गेलं.

मी उडवीत शिरणारं रॉकेट पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. आवाज छातीत बसला आणि तोवर ते सळई सोडून वर निघालं होतं, सरळ, पांढरी रेघ ओढत. बघता बघता लाल ठिपका झाला, मग तोही दिसेना. जत्रेचा बँड थांबलेला. म्हातारीने काठी खाली टाकून दोन्ही हात कपाळाशी नेले होते. मग खूप वर, खूपच म्हणतो, एक काळा बिंदू फुलला. छत्री उघडली होती.

वारा होता. छत्री तरंगत हायवेकडे निघाली. हसुराम आणि पोरं मागे धावली. तेवढ्यात लोखंडाची कॉइल लादलेला एक ट्रेलर येत होता. रॉकेट अलगद त्याच्यावर उतरलं, छत्री कॉइलवर पसरली आणि ड्रायव्हरला काही कळायच्या आत नव्हे, काहीच न कळता तो ट्रेलर पुण्याच्या दिशेने निघून गेला. हसुराम ओरडत फर्लांगभर पळाला आणि रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

मॅडम माझ्याकडे चालत आल्या. "कोन?"

माझ्या हातातला कोनमापक खाली लोंबत होता. "मॅडम, मी... बघतच राहिलो."

मला वाटलं, आता सातारा निघणार. त्या बांधावर बसल्या. मूठ उघडली. स्टॉपवॉचवर शून्य होतं. "मीही दाबलं नाही," त्या म्हणाल्या. सव्वा वर्ष टेबलं झिजवली, निलंबन सोसलं, रॉकेट पुण्याला गेलं आणि आकडा नाही. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"एकशे अठरा," मागून कुणीतरी म्हणालं.

दिनकरराव होते. कानात कापूस होता, पण या वेळी पाठ केली नव्हती. "छत्री उघडल्यापासून खाली टेकेपर्यंत. मी मनात मोजत होतो. ती फाटते की काय, म्हणून."

मॅडम उठल्या. "सेकंदाला एक असं?"

"साधारण."

"साधारण म्हणजे? पुन्हा मोजा. तसंच. त्याच वेगाने."

आणि मग त्या जत्रेत, सरपंचांनी माइक बंद करून सगळ्यांना गप्प बसवलं असताना, दिनकररावांनी डोळे मिटून एकपासून एकशे अठरापर्यंत मोजलं. मॅडम स्टॉपवॉच धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. पन्नासनंतर पोरंही त्यांच्याबरोबर ओठ हलवू लागली. एकशे अठरा झालं. मॅडमनी बटण दाबलं.

"एकशे बावीस सेकंद. तुम्ही जरा सावकाश मोजता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पाच मीटरने गुणा, सावंत."

"सहाशे दहा."

"सहाशे दहा," त्या म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून त्या हसल्या की रडल्या, मला नीट कळलं नाही. दिनकररावांनी कानातला कापूस काढला, कुठे टाकावा कळेना म्हणून खिशात ठेवला आणि बायकोच्या शेजारी नुसते उभे राहिले. बँड पुन्हा वाजायला लागला.

मॅडमनी पुन्हा रॉकेट केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "झालं की." त्यानंतर तीन वर्षांनी कारखान्याने माणसं कमी करायला घेतली, तेव्हा त्यांनी स्वतःहून नाव दिलं आणि दोघं साताऱ्याकडे जायला निघाले.

मी सामान भरायला गेलो होतो. टेम्पो लहान, सामान वाजवीपेक्षा जास्त. दिनकरराव मागे गाद्यांवर बसले, मॅडम पुढे ड्रायव्हरशेजारी. निघताना त्यांनी मला हात केला नाही, 'येते' म्हणाल्या नाहीत. त्यांचं ड्रायव्हरशी चाललं होतं. उजवीकडचा इंडिकेटर लागत नाही हे त्याने आधी का सांगितलं नाही, म्हणून. ड्रायव्हर म्हणत होता, काय होत नाही बाई, मी करतो अ‍ॅडजस्ट. मॅडमनी त्याला खाली उतरवलं, पण गाडी चालवायला तोच हवा म्हणून पुन्हा वर चढवलं आणि त्याच्या अंगावरून वाकून त्याच्या खिडकीतून आपला हात बाहेर काढला.

टेम्पो कळंबोलीच्या सर्कलपर्यंत गेला. ड्रायव्हर मान मागे घेऊन, श्वास रोखून गाडी चालवत असावा. हिरव्या बांगड्यांचा तो आखूड हात उजवीकडे आडवा, ताठ धरलेला. मागचे दोन ट्रेलर थांबले, एक बस थांबली, आणि टेम्पो सावकाश वळून हायवेला लागला. वळण संपलं तरी हात बाहेरच होता.